सिडनीचा समुद्रघोडा: दोन नावांखाली वावरलेली एकच जात

समुद्रघोडा समोर आला की तो समुद्रघोडा आहे हे शेंबडे पोरही सांगेल. घोड्याचे तोंड, पोपटासारखी ऐट, माकडासारखे गुंडाळलेले शेपूट. असा उभ्याने पोहणारे मासे फार थोडे. पंचाईत होते ती पुढच्या प्रश्नाशी: कोणता समुद्रघोडा? ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर या प्रश्नाचे उत्तर तब्बल अठरा वर्षे चुकत होते, आणि चुकणारी मंडळी हौशी नव्हती. २००१ पासून सिडनीच्या बंदरात सापडला तर एक नाव आणि क्वीन्सलँडच्या दक्षिण भागात सापडला तर दुसरे नाव, असा शिरस्ता होता. २०१९ मध्ये दोन्ही नावांचा मासा एकच निघाला. दरम्यान सिडनीच्या उत्तरेला पोर्ट स्टीफन्समध्ये हाच मासा झपाट्याने नाहीसा होत होता. म्हणून हे प्रकरण नुसत्या नावाच्या वादाचे राहत नाही.

शब्दांबद्दल आधी थोडे. मराठी विश्वकोशाच्या परिभाषेत ‘प्रजाती’ म्हणजे जीनस आणि ‘जाती’ म्हणजे स्पीशीज. वर्तमानपत्रांनी ‘प्रजाती’ हा शब्द स्पीशीजसाठी इतका रुळवला आहे की आता कोण काय म्हणतो ते संदर्भावरून ताडावे लागते. मी इथे विश्वकोशाची वाट धरतो. जगातले सगळे समुद्रघोडे हिप्पोकॅम्पस या एकाच प्रजातीत येतात. तिच्या २०१६ मधल्या जागतिक फेरतपासणीत ४१ जाती ग्राह्य धरल्या होत्या. नंतर त्यात आणखी काहींची भर पडली. आणि हो, पाणघोडा वेगळा. तो आफ्रिकेच्या नद्यांत डुंबतो.

तीन डॉक्टर

१७८८ मध्ये ब्रिटिशांचा कैद्यांनी भरलेला पहिला ताफा आजच्या सिडनीच्या जागी लागला. ताफ्याचा मुख्य शल्यचिकित्सक होता जॉन व्हाइट. आजारी कैदी, अपुरे अन्न, औषधांची टंचाई या सगळ्यातून वेळ काढून त्याने तिथले पक्षी, प्राणी, मासे जमवले. त्याचे प्रवासवर्णन १७९० मध्ये लंडनला छापले गेले. त्यातल्या चित्रांत एक समुद्रघोडाही आहे. पुढे पासष्ट वर्षांनी, १८५५ मध्ये, पीटर ब्लीकर याने या जातीला शास्त्रीय नाव दिले ते व्हाइटच्या स्मरणार्थ: हिप्पोकॅम्पस व्हाइटी.

ब्लीकरही पेशाने डॉक्टरच. डच सैन्याच्या नोकरीत तो बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात होता आणि तिथल्या बाजारांतले मासे बघता बघता त्या काळातला फार मोठा मत्स्यतज्ज्ञ झाला. हिप्पोकॅम्पस कुडा हे नावही त्याचेच, १८५२ चे. मलय भाषेत कुडा म्हणजे घोडा. आपल्या किनाऱ्यांवरही मिळणारी ही जात पुढे ओळखीच्या गोंधळाचे माहेरघर झाली, कारण फारसे काटे नसलेला कुठलाही समुद्रघोडा दिसला की लोक त्याला ‘कुडा’ म्हणून मोकळे होऊ लागले.

तिसरा डॉक्टर आपला. मुंबईचे आत्माराम सदाशिव जयकर हे इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले सर्जन एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मस्कतला होते. तिथून ते मासे, सरडे, साप लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला धाडत. १९०० मध्ये तिथला प्राणितज्ज्ञ बुलेंजर याने मस्कतच्या एका काटेरी समुद्रघोड्याला हिप्पोकॅम्पस जयकरी हे नाव दिले. अरबस्तानातला डोंगरी ताहर, वाळूतला एक बोआ साप आणि एक सरडा यांच्याही शास्त्रीय नावांत जयकर आहेत. महाराष्ट्रात हे नाव फारसे कुणाच्या कानावर नाही, याची मला नेहमी चुटपुट लागते. मूळ प्रकरणाशी जयकरांचा संबंध एवढाच, की समुद्रघोड्यांची नावे अशीच पडत गेली: किनाऱ्यावर नोकरीला असलेला कुणीतरी जिज्ञासू माणूस, स्पिरिटच्या बरणीत किंवा वाळवून पाठवलेले एक-दोन नमुने, आणि हजारो मैलांवर बसून त्यांचे वर्णन लिहिणारा तज्ज्ञ. एक-दोन नमुन्यांवरून जात किती बदलते हे कळत नाही. एका शाळेतली दोन मुले पाहून साऱ्या गावाची उंची सांगण्यासारखेच ते.

दुसरे नाव कसे आले

२००१ मध्ये रूडी क्युटर यांनी ऑस्ट्रेलियाच्या समुद्रघोड्यांची सविस्तर फेरतपासणी प्रसिद्ध केली आणि एकदम नऊ नव्या जाती मांडल्या. त्यांतली एक हिप्पोकॅम्पस प्रोसेरस. लॅटिनमध्ये प्रोसेरस म्हणजे उंच, आणि इंग्रजी बोलीतही तिला उंच मुकुटाचा, म्हणजे डोक्यावर हाडाचा उंच तुरा असलेला, समुद्रघोडा म्हणत. क्वीन्सलँडच्या दक्षिण किनाऱ्यावरचे हे समुद्रघोडे व्हाइटीसारखेच दिसत, फक्त मुकुट जास्त उंच आणि अंगावरचे काटे जास्त ठळक.

क्युटर पाण्याखाली आयुष्य घालवलेला माणूस. जिवंत मासा त्यांच्याइतका जवळून पाहिलेले फार थोडे असतील. त्यामुळे त्यांच्या नऊ जातींकडे ‘उगाच फोडलेल्या’ म्हणून पाहणे मला पटत नाही. नजर तयार झालेल्या माणसाला बारीक फरक दिसतात, तो फरक खराही असतो. तो दोन जातींमधला आहे की एकाच जातीतल्या दोन ठिकाणच्या माशांमधला, हे मात्र नजर सांगू शकत नाही.

आता समुद्रघोडा ओळखायचा कसा ते पाहू, कारण घोळ तिथेच आहे.

पहिली गोष्ट, रंग सोडून द्यायचा. पिवळा, तपकिरी, राखी, जवळजवळ काळा, यांपैकी कुठल्याही रंगात एकच जात भेटते, आणि एकच मासा काही दिवसांत आजूबाजूच्या स्पंजाचा नाहीतर शेवाळाचा रंग घेतो. अंगावर शेवाळाच्या धाग्यांसारखे कातडीचे तंतूही उगवतात. तेही ओळखीच्या कामाचे नाहीत. फोटो पाहून ‘पिवळा म्हणजे अमुक’ असे सांगणारे खात्रीने चुकतात.

दुसरी गोष्ट, हाडांचे मोजमाप. समुद्रघोड्याला खवले नसतात. कातडीखाली हाडांच्या पट्ट्यांचे चिलखत असते आणि त्याची वलये धडावर व शेपटीवर मोजता येतात. व्हाइटीच्या धडावर ११ वलये असतात, शेपटीवर साधारण तिशीच्या मध्यात. छातीच्या परातले, म्हणजे माशाच्या पंखातले, काटे मोजायचे, पाठीच्या परातले मोजायचे. मुस्कटाची लांबी डोक्याच्या लांबीत किती वेळा बसते ते पाहायचे. गालावरचा काटा, डोळ्यावरचा काटा, नाकाडावरचा काटा. उंची मोजताना मुकुटाच्या टोकापासून सरळ केलेल्या शेपटीच्या टोकापर्यंत. व्हाइटी सुमारे १६ सेंटिमीटरपर्यंत वाढतो.

तिसरी गोष्ट मुकुट. व्हाइटीचा मुकुट उंच, किंचित मागे कललेला, आणि माथ्यावर पाच टोकांची चांदणी. हाच त्याचा पत्ता. आणि हाच प्रोसेरसचाही पत्ता, कारण ‘उंच’ हा शब्द तुलनेचा आहे. पिल्लांचे काटे मोठ्यांपेक्षा टोकदार असतात, वयानुसार बोथट होतात. वाळवलेल्या नमुन्याची कातडी आवळते आणि हाडे वर येतात, त्यामुळे जिवंतपणी मवाळ दिसणारा मासा कपाटात काटेरी होऊन बसतो. तेव्हा ‘याचे काटे जास्त ठळक’ असे वाक्य वाचले की माझा पहिला प्रश्न असतो: किती वयाचा, आणि ओला की वाळका?

२०१९ मध्ये ग्रॅहम शॉर्ट, डेव्हिड हॅरॅस्टी आणि हीली हॅमिल्टन यांनी दोन्ही नावांचे नमुने शेजारी ठेवून ही मोजणी पुन्हा केली. जोडीला मायटोकाँड्रियातल्या सीओआय या जनुकाचा क्रम तपासला. जातीची ओळख पटवायला प्राण्यांत सर्रास वापरला जाणारा हा जनुक जवळच्या नात्यातल्या जातींतही बहुधा पुरेसा वेगळा पडतो. इथे पडला नाही. मोजमापांतही तेच: प्रोसेरसची म्हणून सांगितलेली लक्षणे व्हाइटीच्या पल्ल्यात येत होती, दोन्हींचे आकडे एकमेकांवर चढत होते. शास्त्रीय नामकरणात आधीचे नाव टिकते, नंतरचे गळते. १८५५ चे व्हाइटी राहिले, २००१ चे प्रोसेरस त्याचा समानार्थी शब्द म्हणून टिपेत गेले. क्वीन्सलँडमधल्या हर्वी उपसागरापासून सिडनीच्या दक्षिणेला ससेक्स इनलेटपर्यंतचा समुद्रघोडा आता एकाच नावाने ओळखला जातो.

जनुकाच्या निकालापुढे बाकी सगळे गौण, असे मात्र समजू नये. एकटा सीओआय जात ठरवायला अपुरा असतो. या प्रकरणात वजन पडले ते दोन वेगळ्या वाटांनी एकच उत्तर आल्यामुळे. वलये मोजणारा आणि जनुक वाचणारा सारखेच सांगत होते.

जोडीचा संसार

या माशाची आणखी एक ओळख आहे आणि ती मुकुटाइतकीच पक्की: वागणूक. समुद्रघोड्यांचा पाण्याखाली जाऊन पहिला नेटाने अभ्यास अमांडा व्हिन्सेंट यांनी केला तो सिडनीतच, वॉटसन्स बे परिसरात, याच जातीवर. १९९५ मध्ये त्यांनी सॅडलर यांच्याबरोबर प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षाने समुद्रघोडा जगभर ‘एकनिष्ठ’ म्हणून गाजला. खरे तर सगळ्या जातींबद्दल तसे म्हणता येत नाही, पण व्हाइटीबद्दल म्हणता येते.

रोज सकाळी मादी आपल्या नराच्या जागी येते. दोघे रंग उजळवतात, एकाच काडीला शेपटी अडकवून तिच्याभोवती फिरतात, थोडे सोबत तरंगतात. काही मिनिटांचा हा कार्यक्रम उरकला की मादी आपल्या वाटेने. दुसऱ्या नर-मादीशी असले काही नाही. नर गरोदर असतानाही ही भेट चुकत नाही. व्हिन्सेंट यांच्या मते या रोजच्या भेटीने दोघांची शरीरे एका तालात राहतात: नराची प्रसूती होते त्याच सुमाराला मादीची पुढची अंडी तयार असतात, आणि लवकरच नवी खेप सुरू होते. वेळ फुकट जात नाही.

मादी अंडी नराच्या पोटाखालच्या पिशवीत सोडते, तिथेच ती फळतात. पिशवीचे अस्तर अंड्यांभोवती दाट होते, त्यांना प्राणवायू पुरवते, आणि आतल्या पाण्याची क्षारता हळूहळू समुद्राच्या पाण्याजवळ आणते, म्हणजे बाहेर पडताना पिल्लाला धक्का बसत नाही. सुमारे तीन आठवड्यांनी नर कमरेत वाकून वाकून पिल्ले बाहेर फेकतो. एका खेपेला शंभरावर, सेंटिमीटरभर उंचीची, जन्मापासून स्वतःच्या पायावर, नव्हे शेपटीवर, उभी. बाप पुढे त्यांच्याकडे पाहत नाही. बाळंतपण पुरुषाने करायचे ही कल्पना आपल्याकडे विनोदापुरती वापरतात. इथे तो रोजचा व्यवहार आहे.

नर-मादी ओळखायला म्हणूनच सोपे: शेपटीच्या मुळाशी गुळगुळीत पिशवी दिसली की नर.

खाण्याची तऱ्हाही वेगळी. दात नाहीत, पोट नाही. अन्न थेट आतड्यात जाते, म्हणून दिवसभर खात राहावे लागते. बारीक कोळंबीसारखे जीव मुस्कटासमोर आले की डोके झटक्यात वर आणि भक्ष्य नळीतून आत. पाठीचा छोटासा पर भिंगरीसारखा हलवत सावकाश पुढे सरकणे एवढाच त्याचा प्रवास. भरतीच्या ओढीत टिकायचे तर शेपटीने काहीतरी धरावे लागते, आणि एकेका माशाचा वावर अवघ्या काही चौरस मीटरांचा. धरायची वस्तू गेली तर तो पोहून दुसरीकडे बिऱ्हाड थाटेल, ही अपेक्षा त्याच्याकडून करता येत नाही.

धरायचे काय

पोर्ट स्टीफन्समध्ये हा मासा जांभळट रंगाच्या एका मऊ प्रवाळाला, डेंड्रोनेफ्थिया ऑस्ट्रेलिसला, धरून राहत असे. शिवाय स्पंज आणि सागरी गवत. हॅरॅस्टी यांनी तिथे वर्षानुवर्षे बुड्या मारून मोजणी केली. २०१६ मध्ये त्यांनी मांडलेले चित्र वाईट होते: काही ठिकाणी नव्वद टक्क्यांहून जास्त घट. कुणी मासे पकडून नेले म्हणून नव्हे. वाळू सरकली आणि तिने प्रवाळ गाडले; होड्यांचे नांगर आणि कायमच्या खुंट्यांच्या साखळ्या तळावर घासून उरलेसुरले उपटत राहिल्या. २०१७ मध्ये ही जात आंतरराष्ट्रीय लाल यादीत ‘संकटग्रस्त’ ठरली. तोवर समुद्रघोड्यांत हा शेरा दक्षिण आफ्रिकेतल्या नाय्स्नाच्या समुद्रघोड्यालाच मिळाला होता.

आता दोन वर्षांनी आलेल्या त्या नावाच्या निकालाकडे पुन्हा बघा. व्हाइटी आणि प्रोसेरस एक झाल्यावर जातीचा पसारा कागदावर एकदम वाढला. मग संकट कमी झाले का? हिशेबनीस तसे म्हणू शकतो. पण पसारा वाढला म्हणून पोर्ट स्टीफन्समधले प्रवाळ परत आले नाही, आणि क्वीन्सलँडच्या माशांची एवढ्या वर्षांची अशी मोजदादही नव्हती. उलट, दोन नावे असताना प्रत्येक नावाचा समुद्रघोडा ‘त्या बाजूचा प्रश्न’ ठरत होता. एकाच नावाखाली सगळा किनारा एका हिशेबात आला. २०२० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या केंद्रीय कायद्यानेही या जातीला संकटग्रस्त म्हणून नोंदवले, आणि ती नोंद एकत्र झालेल्या जातीची आहे.

सिडनीत मात्र या माशाने एक गमतीदार आसरा शोधला होता. बंदरातल्या पोहण्याच्या जागांभोवती शार्कपासून संरक्षणासाठी जाळ्या लावलेल्या असतात. त्यांवर शेवाळ, स्पंज, शिंपले चढले की समुद्रघोडे येऊन बसतात. नगरपालिकांना त्या जाळ्या ठराविक काळाने घासून स्वच्छ कराव्या लागतात, नाहीतर वजनाने फाटतात. हॅरॅस्टी आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवले की जाळीवर वाढ जितकी जास्त तितके समुद्रघोडे जास्त. तोडगा साधा होता: एकदम सगळी जाळी घासू नका, विणीचा हंगाम टाळा, तळाजवळचा भाग राखा. सगळ्या प्रकरणात मला सर्वांत आवडलेला भाग हाच. यात ना प्रयोगशाळा, ना मोठा निधी. घासणाऱ्याच्या वेळापत्रकात बदल.

दुसरी कल्पना अशीच पाण्याखाली दिसलेल्या गोष्टीतून निघाली. टाकून दिलेल्या खेकड्यांच्या पिंजऱ्यांवर समुद्रघोडे राहताना आढळले होते. त्यावरून लोखंडी सळ्यांचे पिंजरे मुद्दाम तळावर ठेवायला सुरुवात झाली. लोकांनी त्यांना ‘समुद्रघोड्यांची हॉटेले’ म्हटले. त्यांवर शेवाळ-स्पंज चढतात, पाठोपाठ बारीक कोळंब्या येतात, मग समुद्रघोडे. काही वर्षांत लोखंड गंजून झडते, तोवर वर वाढलेले जीव स्वतःच्या आधाराने उभे राहावेत अशी योजना. नाव हॉटेल असले तरी खरी तर ही धर्मशाळा: मुक्काम तात्पुरता.

समुद्रघोड्याच्या अंगावरचे आकडे प्रयोगशाळेबाहेर कुणाला लागतात, असे वाटू शकते. भारतात २००१ पासून सगळे समुद्रघोडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणून आपल्याकडे वाळवलेल्या समुद्रघोड्यांची पिशवी पकडली गेली की जात कोणतीही असो, गुन्हा तोच. संकटातल्या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या साइट्स करारात ते २००४ पासून दुसऱ्या परिशिष्टात आले. तिथे व्यापाराला पूर्ण बंदी नाही, त्यामुळे जात आणि उंची दोन्ही कळीचे ठरतात: १० सेंटिमीटरपेक्षा लहान मासा व्यापारात येऊ नये अशी शिफारस आहे. बंदरावरच्या अधिकाऱ्याला मुकुटापासून शेपटीच्या टोकापर्यंत पट्टी लावता आली पाहिजे, ती यासाठी.

२०१९ मध्ये सिडनी बंदरातून काही जोड्या मत्स्यालयात आणल्या गेल्या. त्यांची पिल्ले तिथे वाढवली आणि मे २०२० मध्ये सुमारे नव्वद पिल्ले बंदरातल्याच चाउडर बेमधल्या त्या पिंजऱ्यांवर सोडली. सोडण्यापूर्वी प्रत्येकाच्या कातडीखाली रंगीत, दिव्याच्या उजेडात चमकणाऱ्या रबरासारख्या पदार्थाचे बारीक ठिपके भरले होते. रंग आणि जागा यांची जुळणी प्रत्येकाची वेगळी, म्हणजे इथे ओळख जातीची नाही, एकेका माशाची. वर्षभराच्या आत पाणबुड्यांना त्यांतला एक नर पुन्हा सापडला. ठिपके जागेवर होते, आणि पोटाखालची पिशवी फुगलेली होती.